लांब हॉर्नचा धडा

आमचे दाजी माझ्या घरचं पाणी पीत नाहीत, पण गाडी मात्र माझ्याकडंच आणतात.

रविवारी सकाळी नऊ वाजले की फुलेवाडीतल्या आमच्या बोळात हॉर्न सुरू होतो. एकदा पिप करून गप्प बसणारा नव्हे. शेवटच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागेपर्यंत हात उचलायचा नाही, असला हॉर्न. मग पिकअप माझ्या शेडपुढं थांबते. हिंदुराव खोत, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, खाली उतरतात, किल्ली हातात न देता बॉनेटवर फेकतात आणि रस्त्याकडं तोंड करून दगडावर बसतात.

"पावणं, चढाला वढ कमी झालीया."

"चहा घेता दाजी?"

"गाडी बघा."

दोन वर्षं हेच. कारण सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. माझ्या घराच्या वास्तुशांतीला दाजींना मानाच्या पाटावर बसवलं. टॉवेल-टोपीचा आहेर दिला आणि टॉवेलाच्या घडीत एक जुना रबरी पोंगा ठेवला, पूर्वी टांग्याला असायचा तसला. दाजींनी घडी उचलली अन् पोंगा भर मांडवात ओरडला. पाहुणे हसून हसून पाटावरनं पडायचे बाकी. दाजी ताटावरनं उठले, आक्काला घेतलं आणि गेले. त्या दिवसापासून आक्का माझ्या उंबऱ्याला आली नाही. भाऊबीज दोनदा कोरडी गेली. माझी बायको वैजू म्हणते, पोंगा तुमचा, भोगा तुम्ही. मला आक्का परत घरी यायला हवी होती, पण दाजींपुढं नाक घासून नव्हे.

आता माझा धंदा. सोमवार ते शनिवार मी सरकारमान्य पीयूसीची व्हॅन चालवतो. धूर मोजायचा, कागद द्यायचा. रविवारी शेडमध्ये डिझेल गाड्यांची ताकद वाढवून देतो. म्हणजे सहा दिवस मोजलेला धूर सातव्या दिवशी मीच वाढवतो. पगारापेक्षा रविवार जड आहे, आणि ह्याची मला कधी लाज वाटली नाही.

पूर्वी हे काम सोपं होतं. लॅपटॉप जोडायचा, गाडीच्या कॉम्प्युटरमधला डिझेलचा तक्ता बदलायचा, झालं. टर्बो म्हणजे काय, तर बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो. हवा जास्त तर डिझेल जास्त जळतं, डिझेल जास्त तर ओढ जास्त. कंपनी हे सगळं बेतानं ठेवते. आपण बेत थोडा मोडायचा.

पण २०३३ साली धनेश पिकअप आली आणि तिचा कॉम्प्युटर कुलूपबंद. बाहेरनं एक आकडा बदलला तर गाडी जागेवर मरते. अर्ध्या कोल्हापूरच्या ट्यूनरांनी दुकानं बंद करून वडापाव विकायला घेतले. मी आठ दिवस त्या गाडीच्या उशाला बसलो आणि मला तिची खोड कळली. ही गाडी शिकते. घाट किती उंच, डिझेल कसलं, नोझल किती झिजलं, हे बघून ती आपला तक्ता आपणच बदलते. म्हटलं, कुलूप फोडायचंच कशाला? हिला फसवू.

मी एक डबी केली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. टर्बोच्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर आणि गाडीचा कॉम्प्युटर ह्यांच्या मधे ती बसते आणि खोटं बोलते. दाब दोन असेल तर दीड सांगते. कॉम्प्युटर म्हणतो, अरे, हवा कमी पडली, वाढव. पंधरा दिवस असं चाललं की त्याला ते अंगवळणी पडतं. मग डबी काढून घ्यायची. कंपनीवाल्यांनी तपासलं तर कुलूप जसंच्या तसं, गाडी मात्र बैलासारखी ओढतेय.

ह्या धनेशमध्ये कंपनीनं आणखी एक सोय घातली होती. नाव 'शेजार'. एकाच रस्त्यावरच्या धनेश गाड्या मोबाइलच्या टॉवरवरनं एकमेकींना आपापले धडे सांगतात. एखादी गाडी घाट कमी डिझेलात, जास्त वजन घेऊन, काही न बिघडता चढली, तर तिच्या शब्दाला वजन. बाकीच्या तिचं ऐकतात. त्यातही इंजिन जपण्याचा धडा असेल तर विचारायचंच नाही, सगळ्यांनी लगेच घ्यायचा, असा कंपनीचा नियम. गगनबावडा रस्त्यावर ह्या यादीत पहिला नंबर दाजींच्या गाडीचा. देवगडची मासळी बर्फात घालून करूळ घाटानं रोज वर आणणारी गाडी. मी मनात म्हणायचो, डबी कुणाची?

तर त्या रविवारी दाजी दगडावरनंच बोलले. "तुमच्या आक्काला विचारलं, भावाकडं काय निरोप? म्हणाली, कसला भाऊ."

ती असं म्हणाली नसणार. पण माझ्या डोक्यात गेलं. आणि डोक्यात गेलं की माझ्या हाताला खाज सुटते.

मी डबीला एक जादा धडा दिला. हॉर्न दाबला की बॅटरीचा दाब किंचित खाली येतो, ते कॉम्प्युटरला दिसतं. तो तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ खाली राहिला, की डबीनं बोंब मारायची, टर्बो फुटायला आला! पंधरा दिवसांत कॉम्प्युटरची खात्री पटली, की तो घाबरून हवा सोडून देणार. चाळीस सेकंद गाडी म्हाताऱ्यासारखी चालणार. छोटा हॉर्न दाबा, काही नाही. दाजींचा खास लांब हॉर्न दाबा, की गेला दम.

पंधरा दिवसांनी मी डबी काढली. धडा आत राहिला.

गंगावेशीच्या कोपऱ्यावर मुद्दाम चहा घेत उभा राहून मी तो सोहळा बघितला. दाजींनी हॉर्नवर हात ठेवला. रिक्षावाला हलला नाही. पिकअपच बसली. मागनं एक आजोबा सायकलवरनं आले, दाजींच्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "ढकलू का?" माझा चहा नाकातनं आला.

पुढच्या रविवारी दाजी आले, पहिल्यांदाच हॉर्न न वाजवता.

"हॉर्न दाबला की गाडी बसतीया."

"हॉर्नचा आणि इंजिनाचा काय संबंध दाजी?" मी हसू दाबून म्हणालो.

"ते तुमाला ठावं. घाटात असं झालं तर माणूस जाईल. नीट करा."

ते घाबरलेले दिसत होते आणि मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू?

"करतो की. दहा मिनिटांचं काम. आक्काला घेऊन या. तिनं वैजूच्या हातचा चहा पिला की लगेच करतो."

दाजींनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मान जरा डावीकडं वळवून, कोंबडा बघतो तसं. मग किल्ली उचलली. "तुमच्या बापानं पोरगी दिली हुती पावणं, दाव्याला धरून वढून आणायला गाय न्हवं," असं म्हणून गाडी मागं घेऊन गेले.

म्हटलं, आठवड्यात येतील लाइनीवर.

पण पुढच्या चार दिवसांत गावात भलतंच सुरू झालं. फुलेवाडीच्या नाक्यावर दुधाची धनेश बसली. मग सिमेंटची. मग भाजीची. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवायचे आणि गाडी मान टाकायची. बुधवारपर्यंत गगनबावडा रस्त्यावरची एकही धनेश लांब हॉर्न वाजवेना. नाक्यावरच्या शाळेच्या मास्तरांनी खिडक्या उघडल्या. पेपरात आलं, शहरात वाहनचालकांना सुबुद्धी. मी तो पेपर शेडमध्ये चिकटवला.

मला कळलं होतं काय झालं ते. दाजींच्या गाडीनं शेजाऱ्यांना सांगितलं, लांब हॉर्न वाजला की टर्बो फुटतो, हवा सोडा. इंजिन जपण्याचा धडा, तोही पहिल्या नंबरच्या गाडीचा. सगळ्यांनी मुकाट घेतला. मी वैजूला म्हणालो, "बघ, एका डबीत सगळा रस्ता शहाणा केला."

वैजू भाकरी थापत होती. "आणि घाटात वळणाला काय करतात वो?"

"काय करतात?"

"लांब हॉर्न देतात की. पलीकडचं दिसत नाही म्हणून."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. मी ताट ओढून घेतलं. 

गुरुवारी सकाळी दहाला मोबाइलवर बातमी आली. करूळ घाटात आंब्याच्या पेट्या भरलेली धनेश वळणावर हॉर्न देऊन चढत होती. दम गेला, गाडी मागं आली, कठड्यावर आदळली. ड्रायव्हर सलीम मुकादम, वैभववाडीचा, पाय दोन ठिकाणी मोडला. कठडा नसता तर पेट्या आणि सलीम दोन्ही दरीत.

मी डबी घेतली, पीयूसीची व्हॅन काढली आणि सरळ दाजींच्या घरी गेलो. दुरुस्तीचा रस्ता एकच होता. ज्या गाडीनं धडा दिला, तिनंच तो मागं घ्यायला हवा. बाकी कुणाच्या शब्दाला तेवढं वजन नाही. दाजींना घाटात जाऊ द्यायचं नाही, गाडीला डबी लावायची, उलटा धडा द्यायचा. वाटेत पाच वेळा फोन केला. लागेना. म्हटलं, घाटात रेंज नाही, म्हणजे दाजी घाटात.

दाजी घराच्या पायरीवर बसले होते. बंद पडलेला फोन चार्जिंगला लावून.

"तुम्ही इथं?" मी ओरडलो. "मग गाडी?"

"घाटात असंल आता."

"कोण चालवतंय?"

 दाजी मान डावीकडं वळवून मला बघत राहिले, आणि त्या क्षणी मला समजलं की ते रागानं तसं बघत नव्हते. डावा डोळा चालत नव्हता.

"दोन वरसं झाली," ते म्हणाले. "डाक्टर म्हणला, डावीकडचं गेलं, घाट बंद. मासळी बंद करून चालंल व्हय? तुमची आक्का बसली गाडीवर. देवगडपासनं फुलेवाडीच्या नाक्यापर्यंत ती. तितनं म्होरं मी. गावात माणसं बघत्यात."

"एका डोळ्यानं गावात गाडी चालवता?"

"म्हणून तर हॉर्न देतो! डावीकडचं माणूस दिसत न्हाई, ऐकून तरी बाजूला हुईल. आणि तुमी भर मांडवात पोंगा दिला. डाक्टरकडनं येऊन आठ दिवस झालं हुतं."

माझ्या तोंडून शिवी निघाली. कुणाला ते मलाही ठरवता आलं नाही.

"मला सांगायचं होतं!"

"तुमाला? तुमी नाक्यावर नक्कल करून दावली असती. आंधळा हिंदुराव, बायकू डायव्हर. तिला तुमच्याकडं पाठवली न्हाई ती त्यासाठी. तिच्या पोटात ऱ्हात न्हाई, आणि तुमच्या तोंडात." ते उठले. "आणि ती गाडी पहिल्या नंबराची हाय ती तुमच्या डबीनं न्हवं. तिच्या पायानं हाय. चला आता, का पेपरला फोटू काढायचाय?"

गगनबावड्यापर्यंत सव्वा तास. दाजी शेजारी बसून प्रत्येक मोटारसायकलीला "मर की तिकडं" म्हणत होते, ते मला उद्देशून होतं. कळे गावाच्या पुढं मी म्हणालो, "दाजी, मी नीट करतो."

"चार दिस झालं सांगून. तवा काय म्हणाला हुता? चहा."

वर घाटाच्या तोंडाला पोलिसांनी खाली जाणाऱ्या धनेश अडवल्या होत्या. बाकीच्या गाड्या एक एक सोडत होते. चहाच्या टपरीपाशी धनेश पिकअपांची रांग, वीस तरी. ड्रायव्हर घोळक्यानं उभे. दाजींना बघून एकानं विचारलं, "खोतबाई आल्या का वर?" म्हणजे साऱ्या घाटाला ठाऊक होतं. कोल्हापूरलाच तेवढं नव्हतं.

दाजी तिथं थांबले. मी चालत उतरायला लागलो. तिसऱ्या वळणाखाली मला इंजिनाचा आवाज आला. पहिल्या गिअरमधला, एका लयीत, कुठं ताण नाही, कुठं घाई नाही. हा आवाज मी शेडमध्ये कितीतरी वेळा ऐकला होता आणि माझ्या हाताचा गुण समजलो होतो.

गाडी वळणावरनं आली. साडीवर दाजींचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल, निम्मं अंग खिडकीबाहेर काढून आक्का पुढचं बघत होती. हॉर्न नाही.

मी गाडीला आडवा गेलो. "आक्का, हॉर्न दाबू नकोस!"

तिनं हँडब्रेक ओढला. "दाबत न्हाई. पयल्या दिवशी दाबला, तवा गाडी चार हात मागं गेली. तवापासनं बंद. डोकं भाईर काढून चढतीया. परवा यष्टी आली वरनं, आरशाला आरसा घासून गेली. डोकं येळंवर आत घेतलं, म्हणून हाय."

"आक्का, ते मी..."

"ठावं हाय. हॉर्न दाबला की दम जाणार, असली अक्कल जिल्ह्यात एकालाच हाय."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू काय निरोप धाडलास? आक्काला घेऊन या, मग करतो. मी काय गाडीची किल्ली व्हय रं, तुमी दोघांनी हिकडनं तिकडं फेकायला? एक म्हणतो जाऊ नको, एक म्हणतो आण. मला कुणी इचारलं?"

मी डबी पुढं केली. "आत्ता लावतो. रोज हॉर्न वाजवत चढायचं, डबी सांगेल टर्बो ठणठणीत आहे. दहा-बारा दिवसांत गाडी धडा सोडेल. तिनं सोडला की बाकीच्याही सोडतील."

"दहा-बारा दिस. आणि आज? आत टनभर सुरमई-बांगडा हाय आन् वर तीन वळणं हायती."

"आज..."

"आज तू हॉर्न." तिनं हँडब्रेक सोडला. "पळ म्होरं. वळणाला उभा ऱ्हा आणि बोंबल. तोंड हाय की तुला."

मस्करी नव्हती ती. गाडीचा बंपर माझ्या पोटरीला लागला तेव्हा कळलं. मी पळालो. बेचाळीस वर्षांचं शरीर, पोटाला चहा-भाकरी, अंगात पीयूसीचा खाकी शर्ट. पहिल्या वळणाला मध्यावर उभा राहून दोन्ही हात वर करून ओरडलो, "गाडी येतीया! थांबा!" वरनं मोटार आली, तिच्यातल्या पोरीनं माझा व्हिडिओ काढला. आक्का वळून गेली, माझ्याकडं न बघता. दुसऱ्या वळणाला माझा आवाज फाटला. तिथंच कठड्याला आंब्याच्या फुटक्या पेट्या लटकल्या होत्या, उतरताना मी तिकडं बघायचं टाळलं होतं. खाली रस्त्यावर आंब्याचा रस वाळून काळा झाला होता, आणि त्यात सगळं आंब्याचं नव्हतं. तिथं मी ओरडलो तो आवाज मी ह्याआधी कधी काढला नव्हता. तिसऱ्या वळणाला मी गुडघ्यावर हात ठेवून नुसता भुंकत होतो.

वर आल्यावर तिनं मला आत घेतलं. म्हणजे दार उघडलं आणि गाडी हळू केली, थांबवली नाही. मी कसाबसा चढलो. पाठीमागनं बर्फाचं पाणी टपटपत होतं.

"सगळ्यांना डबी लावून देतो," मी धापा टाकत म्हणालो. "गुपचूप. कंपनीला कळू देत नाही, कुणालाच..."

"गुपचूप," आक्का म्हणाली.

ती टपरीपाशी आली आणि गाडी बरोबर घोळक्याच्या मध्ये नेऊन उभी केली. वीस ड्रायव्हर वळले. एकाच्या हातात सलीमची चप्पल होती, एकाच पायाची. दाजी टपरीच्या बाकावरनं उठले. आमचं इंजिन अजून चालू होतं.

"उतर. सांग ह्यास्नी."

"आक्का, मारतील मला."

"मारतील."

"माझा रविवार जाईल. व्हॅनचं लायसन जाईल."

"जाईल."

मी तिच्याकडं बघितलं. शर्टाच्या बाहीला खवले चिकटले होते. विचारायचं नव्हतं तरी विचारलं. "सांगितलं तर घरी येशील?"

"ते मी ठरीवणार. तू इचारून न्हवं." तिनं माझ्या अंगावरनं हात घालून माझ्या बाजूचं दार उघडलं. "सुरमई नासायच्या आत बाजार गाठायचाय मला. उतर."

मी उतरलो.  सलीमची चप्पल धरलेला माणूस चार पावलं पुढं आला.

"काय वो, पीयूसीवाले? कळलं का कशानं झालं?"

"कळलं," मी म्हणालो. आवाज बसला होता, तरी सगळ्यांना ऐकू गेला. "मी केलं."

घोळका माझ्याभोवती मिटायला लागला. पहिला हात कॉलरला आला. मागं वळून बघायची सोय राहिली नव्हती. आता आक्का गिअर टाकणार, बर्फ घेऊन बाजाराकडं निघणार, आणि मी इथं ह्यांच्यात राहणार, एवढं मी धरूनच चाललो होतो.

तेवढ्यात मागं इंजिन बंद झालं. दार वाजलं, आणि आक्काच्या पायातल्या जड चपला खडीवरनं माझ्याकडं यायला लागल्या.